तिथी एक, सूर्योदय अनेक

गेल्या काही वर्षांत आमच्या मंदिराच्या ओसरीवर एक बदल झालेला आम्ही पाहत आलो आहोत. पूर्वी यजमान येत आणि आमच्या वडिलांस विचारीत, "गुरुजी, एकादशी आज की उद्या?" हल्ली यजमान येतात ते उत्तर हातात घेऊनच येतात. मोबाईल पुढे धरून ते म्हणतात, "गुरुजी, यात तर उद्या दिली आहे." वडील चष्मा लावून ते पाहतात, मग पंचांग उघडतात आणि बहुधा पहिला प्रश्न असा विचारतात, "हे कोणत्या गावचे आहे?" यजमान गोंधळतात. तिथीला गाव असते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते.

हा बदल वाईट आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. आम्हीही विशीतले आहोत, आमच्याही खिशात मोबाईल आहे, आणि शालान्त परीक्षेपर्यंत जे थोडेबहुत विज्ञान पदरात पडले त्याबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु हाती आलेल्या साधनाने नेमके काय मोजले जाते हे न समजता त्यावर विसंबले, तर बुद्धिमान माणूसही कसा फसतो, हे आम्ही स्वतःच्या चुकीवरून शिकलो. ती चूक पुढे सांगणारच आहोत. ती नीट कळावी म्हणून आधी काळ मोजण्याच्या रीती कशा बदलत गेल्या, हे थोडक्यात पाहू.

घटिकापात्र

आमच्या देवघराच्या फडताळात पणजोबांच्या वेळचे एक तांब्याचे पातळ भांडे आहे. आकाराने वाटीएवढे, आणि तळाशी केसाएवढे बारीक छिद्र. हे घटिकापात्र होय. पाण्याने भरलेल्या घंगाळात ते तरंगत सोडले म्हणजे छिद्रातून पाणी आत येऊ लागते, आणि भांडे भरून बुडाले की एक घटका झाली असे समजत. एका अहोरात्रात अशा ६० घटका. आजच्या हिशेबाने एक घटका म्हणजे २४ मिनिटे, घटकेचा साठावा भाग पळ म्हणजे २४ सेकंद, आणि दोन घटकांचा एक मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटे. लग्नघरी घटका बसवून तिच्यावर नजर ठेवणे हे मोठ्या जबाबदारीचे काम असे. "घटका भरली" हा शब्दप्रयोग आपण आजही सहज वापरतो, पण भरणारे भांडे किती जणांनी पाहिले आहे?

या भांड्याबाबत एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्याची मोजणी सूर्योदयापासून सुरू होई, आणि तो सूर्योदय त्याच गावचा असे. इंदूरची पहिली घटका इंदूरचा सूर्य उगवल्यावर, आणि नागपूरची नागपूरचा सूर्य उगवल्यावर. दोहोंत अंतर आहे याची कोणास अडचण वाटत नव्हती; कारण एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचण्यास जे दिवस लागत, त्यांपुढे हे काही मिनिटांचे अंतर नगण्य होते.

गावाची वेळ आणि देशाची वेळ

पृथ्वी २४ तासांत स्वतःभोवती एक फेरा पुरा करते, म्हणजे ३६० अंश फिरते. त्यावरून एका अंशास ४ मिनिटे हा हिशेब निघतो. जे गाव एक अंश पूर्वेस, तेथे सूर्य ४ मिनिटे आधी उगवतो. आपल्या ज्योतिर्गणितकारांस हे उत्तम ठाऊक होते. त्यांनी मोजणीसाठी उज्जयिनीवरून जाणारी रेषा मूळ मानली होती, आणि इतर गावांसाठी त्या रेषेपासून पूर्वेस वा पश्चिमेस किती अंतर आहे हे पाहून देशांतरसंस्कार करण्याची रीत घालून दिली होती. आज जगाने ग्रिनिच मूळ मानले आहे. रीत तीच आहे.

आगगाडी आली आणि गावोगावच्या वेळांची अडचण प्रथमच जाणवू लागली. प्रत्येक स्थानकाचे घड्याळ निराळे असेल तर वेळापत्रक छापावे कसे? म्हणून एकोणिसाव्या शतकात आपल्याकडील आगगाड्या मद्रासच्या वेळेने धावू लागल्या. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ८२½ अंश पूर्व रेखांशाची वेळ साऱ्या देशाची प्रमाणवेळ म्हणून लागू झाली. ही रेषा मिर्झापूरजवळून जाते. ग्रिनिचहून ती साडेपाच तास पुढे आहे. मुंबईकरांस हा बदल सहजासहजी रुचला नाही. मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे मागे. सकाळी लवकर कामावर जाणाऱ्या माणसास ही ३९ मिनिटे आपल्या झोपेतून कापून घेतल्यासारखी वाटली. मोठा वाद झाला, आणि तेथील नगरपालिकेने पुढे कित्येक वर्षे, स्वातंत्र्यानंतरही काही काळ, मुंबईची वेळच चालू ठेवली.

आजची परिस्थिती अशी आहे की घड्याळ सर्वांचे एक, पण सूर्य ज्याचा त्याचा. स्थानिक मध्यम वेळ प्रमाणवेळेच्या मागे किती, हे आपापल्या गावासाठी प्रत्येकाने एकदा लक्षात ठेवावे. आमचे इंदूर सुमारे २६½ मिनिटे मागे आहे आणि उज्जैन २७. ग्वाल्हेर १७, हैदराबाद १६, नागपूर १४, बेळगाव ३२, पणजी ३५, वडोदरा ३७, असे हे अंतर आहे. गुजरातच्या पश्चिम टोकापासून अरुणाचलाच्या पूर्व टोकापर्यंत पाहिले तर सूर्योदयात जवळजवळ दोन तासांचा फरक पडतो. आसामातील चहाच्या मळ्यांत घड्याळ एक तास पुढे ठेवण्याची चाल याच कारणाने पडली.

हे पुस्तकात वाचणे निराळे आणि डोळ्यांनी पाहणे निराळे. दोन वर्षांपूर्वी आम्ही वडिलांसमवेत उज्जैनला गेलो असता सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधविलेल्या वेधशाळेत गेलो. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी तिचा जीर्णोद्धार करविला, म्हणून ती आजही उपयोगात आहे. तेथील सम्राट यंत्राची तिरपी भिंत उज्जैनच्या अक्षांशाइतक्याच कोनाने वर चढलेली आहे, आणि तिची सावली बाजूच्या वर्तुळाकार कट्ट्यावर पडून वेळ दाखविते. आम्ही सावली वाचली, मग मनगटावरील घड्याळ पाहिले. दोहोंत चाळीस मिनिटांचे अंतर! दिवस फेब्रुवारीच्या मध्याचा होता. यंत्र बिघडले असावे असे आमच्या मनात आले, तोच वडील म्हणाले, "यंत्र दगडाचे आहे, ते बिघडेल कसे? हिशेब कर."

हिशेब असा. २७ मिनिटे उज्जैन व प्रमाणरेषा यांच्यातील अंतराची. शिवाय पृथ्वीची कक्षा अगदी वर्तुळाकार नाही आणि तिचा अक्षही कललेला आहे, त्यामुळे सूर्याची छाया वर्षभर सारख्या गतीने चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्यास ती सुमारे १४ मिनिटे मागे असते, तर नोव्हेंबरच्या आरंभी १६ मिनिटे पुढे असते. म्हणून उज्जैनचा खरा मध्याह्न फेब्रुवारीत सुमारे १२ वाजून ४१ मिनिटांनी होतो आणि नोव्हेंबरच्या प्रारंभी सुमारे १२ वाजून ११ मिनिटांनी. सावलीही खरी होती आणि घड्याळही खरे होते. दोघे निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते.

तिथी म्हणजे काय

आता तिथीकडे वळू. सूर्य आणि चंद्र यांच्यामधील कोनीय अंतर दर १२ अंशांनी वाढले म्हणजे एक तिथी पूर्ण होते. ३६० अंशांच्या अशा ३० तिथी. त्यांचा एक चांद्रमास. चंद्राची गती कमीजास्त होत असल्यामुळे तिथीही लहानमोठी होते: कधी सुमारे २० तासांची, तर कधी जवळजवळ २७ तासांची.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा मुद्दा आहे. चंद्राने १२ अंशांची मर्यादा ओलांडली तो क्षण साऱ्या पृथ्वीला एकच असतो. इंदुरात सप्तमी संपली आणि लंडनला चालू राहिली, असे होत नाही. तिथी जगाची एक आहे. परंतु त्या तिथीचे नाव कोणत्या दिवसास द्यावयाचे, हे बहुतेक व्यवहारात आपण सूर्योदयावरून ठरवितो. आणि सूर्योदय गावोगावचा निराळा असतो.

एक उदाहरण घेऊ. २१ मार्चच्या सुमारास नागपूरचा सूर्योदय सुमारे ६ वाजून १८ मिनिटांनी, इंदूरचा ६ वाजून ३० मिनिटांनी आणि मुंबईचा ६ वाजून ४२ मिनिटांनी होतो. समजा, त्या दिवशी दशमी सकाळी ६ वाजून २४ मिनिटांनी संपली. नागपुरात सूर्य उगवला तेव्हा दशमी होती. इंदुरात आणि मुंबईत उगवला तेव्हा एकादशी लागली होती. क्षण एकच, पण सहा-सहा मिनिटांच्या फरकाने दिवसाचे नाव बदलले. अशा वेळी नागपूरच्या मावशी आणि इंदूरची भाची यांचे दूरध्वनीवर भांडण होण्याचे काही कारण नाही. दोघींचीही पंचांगे बरोबर असतात. अर्थात प्रत्येक व्रताचे नियम स्वतंत्र आहेत. कोठे सूर्योदयाची तिथी, कोठे मध्याह्नीची, कोठे प्रदोषाची, तर श्राद्धास अपराह्णाची, म्हणजे दिवसाचे पाच भाग केले असता चौथ्या भागातील तिथी पाहावी लागते. पण नियम कोणताही असला तरी तो स्थानिक सूर्याशीच बांधलेला आहे.

संकष्टीचे उदाहरण तर प्रत्येक घरचे आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ठळक अक्षरांत छापलेला चंद्रोदय पुष्कळदा मुंबईचा असतो. इंदुरात चंद्र मुंबईच्या आधी उगवतो. अंतर ऋतुमानाप्रमाणे चार-पाच मिनिटांपासून वीसेक मिनिटांपर्यंत बदलते. दिवसभराच्या उपवासाने थकलेल्या वृद्ध माणसास, चंद्र अंगणात आलेला असताना, मुंबईच्या मिनिटाची वाट पाहत ताटावर बसवून ठेवणे याला आम्ही काटेकोरपणा म्हणणार नाही.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यानुपिढ्या नांदणाऱ्या कुटुंबांस आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. आपला महिना अमावास्येस संपतो. आमच्या माळव्यात व ग्वाल्हेरीकडे शेजाऱ्यांचा पौर्णिमेस संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात महिन्याचे नाव दोघांचे एक असते, पण वद्य पक्षात त्यांचे नाव एक महिना पुढचे असते. आपली श्रावण वद्य अष्टमी ती त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी. दिवस तोच, कृष्णजन्मही तोच. परंतु मोबाईलमधील पंचांग कोणत्या पद्धतीवर लावले आहे हे न पाहता कोणी श्राद्धाची तिथी काढली, तर ती अख्ख्या महिन्याने चुकू शकते.

आमच्या हातून झालेली चूक

आता आमची चूक सांगतो. मंदिराशी दोन पिढ्यांचा संबंध असलेले एक कुटुंब आहे. त्या घरचे वृद्ध गृहस्थ थोरल्या मुलाकडे अमेरिकेत, न्यू जर्सीस, गेले असता तेथेच जानेवारी महिन्यात वारले. मंगळवारची रात्र होती, वेळ साडेनऊची. मृत्यूच्या दाखल्यावर तसे नमूद होते. काकू पुढे इंदुरास परतल्या. मासिके आणि वर्षश्राद्ध येथे धाकट्या मुलाने करावयाचे ठरले. तिथी काढून ठेवण्याचे काम वडिलांनी आमच्यावर सोपविले. आम्ही मोबाईल उघडला, मंगळवारची तारीख घातली, रात्री साडेनऊची वेळ घातली. उत्तर आले: पौष वद्य सप्तमी. दोन मिनिटांचे काम! वहीत लिहून टाकले. वर्षभर मासिके सप्तमीस झाली, आणि वर्षश्राद्धही सप्तमीस झाले.

वर्षश्राद्धानंतर थोरल्या मुलाचा दूरध्वनी आला. त्याने तेथील गुरुजींच्या सांगण्यावरून आपल्यापुरते पान वाढले होते, ते अष्टमीस. दोघा भावांची तिथी निराळी कशी, हे त्याला समजेना. त्याच्या बोलण्यात रोष नव्हता, शंका होती. वडिलांनी वही मागितली. आम्ही लिहिलेले वाचून त्यांनी एकच प्रश्न केला, "हे साडेनऊ कोणत्या गावचे?"

तो प्रश्न ऐकताच आमच्या पायांखालची जमीन सरकली. हिवाळ्यात न्यू जर्सीचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते. तेथे मंगळवारी रात्री साडेनऊ, तेव्हा येथे बुधवारी सकाळचे आठ. सप्तमी त्या पहाटेच, आपल्या घड्याळाने दोन वाजता, संपलेली होती. म्हणजे प्राण गेला त्या क्षणी अष्टमी चालू होती. तेथेही अष्टमी आणि येथेही अष्टमीच. आम्ही न्यू जर्सीची वेळ इंदूरच्या घड्याळात घातली होती. यंत्राने विचारलेल्या प्रश्नाचे अचूक उत्तर दिले; प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता.

वडील आम्हांस रागावले नाहीत. त्याच दिवशी संध्याकाळी ते आम्हांस बरोबर घेऊन त्या घरी गेले. मासिकांची व वर्षश्राद्धाची दक्षिणा त्यांनी पाकिटात घालून सोबत घेतली होती. त्यांनी सारा प्रकार काकूंस सरळ सांगितला. चूक मुलाची असे न म्हणता "आमच्याकडून झाली" असे म्हणाले. काकू काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "म्हणजे त्या दिवशी हे आले, आणि दारातून तसेच उपाशी परत गेले, असे का?"

या प्रश्नाला मोबाईलमध्ये उत्तर नव्हते आणि आमच्याजवळही नव्हते. आम्ही खाली पाहत राहिलो. वडील म्हणाले, "वहिनी, ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक आहे असे मी म्हणणार नाही. मला एवढे माहीत आहे की ज्यांची तिथीच कळत नाही त्यांच्यासाठी शास्त्राने अमावास्या राखून ठेवली आहे, आणि भाद्रपदातल्या सर्वपित्रीस कोणालाच वगळलेले नाही. चुकणाऱ्या माणसाची सोय शास्त्राने आधीच करून ठेवली आहे. चूक लपविणाऱ्याची मात्र केलेली नाही, म्हणून मी आलो."

दक्षिणा काकूंनी परत घेतली नाही. मंदिराच्या अन्नदानात टाका म्हणाल्या. नंतर त्यांनी एक कागद मागविला आणि आम्हांस सांगितले, "यावर तिथली वेळ लिही, इथली वेळ लिही आणि तिथी लिही." तो कागद त्यांनी यजमानांच्या तसबिरीच्या मागे खोवून ठेवला. गेल्या वर्षी श्राद्ध अष्टमीस झाले. इंदुरात आणि न्यू जर्सीत तारखा कदाचित एका दिवसाने मागेपुढे होतील, पण तिथी आता दोघा भावांची एक आहे.

पूर्वजांची रीत

या प्रसंगानंतर काही दिवस आम्हांस मोबाईलचा तिटकारा आला होता. वडिलांनीच तो घालविला. ते म्हणाले की नव्या साधनास नाव ठेवणे ही आपल्या पंचांगकर्त्यांची रीत नव्हे. पुढे आम्ही वाचन केले तेव्हा त्यांचे म्हणणे पटले.

जुन्या ग्रंथांवरून केलेल्या गणितात तिथीची वाढ पाच घटका आणि क्षय सहा घटका धरीत. "बाणवृद्धी रसक्षय" हे सूत्र जुन्या ज्योतिष्यांच्या तोंडी असे. परंतु आकाशात प्रत्यक्ष पाहिले तर तिथीची वाढ सुमारे सात घटकांपर्यंत आणि क्षय दहा घटकांपर्यंत जातो. ग्रंथातील तिथी आणि आकाशातील तिथी यांत त्यामुळे काही तासांचे अंतर पडे. हे अंतर लपवावे की सुधारावे? केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ च्या सुमारास आधुनिक वेधांवर आधारलेले पंचांग सुरू केले; तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून प्रसिद्ध झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध करून या विद्येचा सारा इतिहास मराठीत आणला. बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी नव्या गणितावर कोष्टके रचली. लोकमान्य टिळकांनीही पंचांगशोधनाच्या कार्यात पुढाकार घेतला. ही सारी मंडळी धर्माचा अभिमान बाळगणारी होती, आणि म्हणूनच चंद्र जेथे दिसतो तेथे तो पंचांगातही असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्यातही मतभेद होते. राशिचक्राचा आरंभ कोठून मोजावा याविषयी चित्रापक्ष व रेवतीपक्ष असे दोन तट पडले. पण आकाशाकडे पाहावयाचे, याविषयी मतभेद नव्हता.

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिचा अहवाल १९५५ साली आला, आणि २२ मार्च १९५७ या दिवशी, शके १८७९ च्या १ चैत्रास, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. राष्ट्रीय पंचांगाचे गणित ज्या मध्यवर्ती स्थानासाठी केले जाते, त्याचे रेखांश प्रमाणवेळेचे, म्हणजे ८२½ अंश, आणि अक्षांश २३ अंश ११ कला, म्हणजे आपल्या उज्जैनचे आहेत. जुनी उज्जयिनी आणि नवी प्रमाणवेळ यांची गाठ तेथे अशी बांधली गेली आहे.

आजच्या मोबाईलची अचूकता या सर्वांच्या स्वप्नातही नव्हती. १९६७ पासून सेकंदाचे माप सीझियम अणूच्या ९१९ कोटी २६ लक्ष ३१ हजार ७७० कंपनांवरून ठरते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील अणुघड्याळे देशाची वेळ राखतात. आकाशात फिरणाऱ्या उपग्रहांतही अशीच घड्याळे असतात, आणि त्यांच्या संदेशांवरून मोबाईलला आपण कोठे उभे आहोत हे कळते. आपण कोणाविषयी विचारीत आहोत, हे मात्र त्याला कळत नाही. ते सांगण्याचे काम अजून माणसाकडेच आहे.

कुटुंबांनी काय करावे

पूर्वी घराण्यातील जन्म आणि मृत्यू बहुधा एकाच गावी होत. गुरुजींस सारे ठाऊक असे. वेळ विचारण्याचे कारण पडत नसे. आज एका घरची मुले बेळगावात, हैदराबादेत, दुबईत आणि अमेरिकेत आहेत. म्हणून वाचकांस आमची विनंती आहे की प्रत्येक घरी एक वही ठेवावी आणि जन्म वा मृत्यू झाल्यास तीत पुढील गोष्टी त्याच दिवशी लिहाव्यात : गावाचे नाव, तेथील तारीख व घड्याळातील वेळ, त्याच क्षणाची भारतीय तारीख व वेळ, आणि त्यावरून काढलेला मास, पक्ष व तिथी. परदेशातील कित्येक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, याचे विस्मरण होऊ देऊ नये. न्यू जर्सी हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे, तर उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. मोबाईलवर पंचांग पाहताना वरच्या कोपऱ्यात कोणते गाव लिहिले आहे आणि महिना अमान्त आहे की पौर्णिमान्त, या दोन गोष्टी प्रथम पाहाव्यात. शंका आल्यास गुरुजींस विचारावे; आणि गुरुजींनी उत्तर दिले तर तेही कोणत्या गावचे, हे विचारण्यास संकोच करू नये. आमचे वडील या प्रश्नाने रागावत नाहीत, हे आम्ही खात्रीने सांगतो.

घरी करून पाहण्यासाठी

मुलांनी सुटीच्या दिवशी अंगणात किंवा गच्चीवर एक सरळ काठी ओळंब्याने उभी करावी. सकाळी साडेअकरापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. ज्या खुणेशी सावली सर्वांत आखूड, तो आपल्या गावचा मध्याह्न. घड्याळात तेव्हा किती वाजले हे तारखेसह लिहून ठेवावे. फेब्रुवारीत एकदा आणि नोव्हेंबरात एकदा हा प्रयोग केला, तर दोन नोंदींत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर दिसेल. ते का पडले हे मुलांनी घरातील मोठ्यांस समजावून सांगावे.

आम्ही गेल्या कार्तिकात मंदिराच्या गच्चीवर हा प्रयोग केला, तेव्हा शेजारची सहा-सात मुले जमली होती. वडीलही वर आले. त्यांनी फडताळातील घटिकापात्र आणले होते. ते एका पातेल्यात तरंगत सोडून त्यांनी मुलांस मोबाईलवर वेळ धरावयास सांगितली. पात्र बुडाले तेव्हा २३ मिनिटे ४० सेकंद झाले होते. शंभराहून अधिक वर्षांचे ते भांडे, आणि चूक वीस सेकंदांची! मुलांनी टाळ्या वाजविल्या. वडिलांनी पात्र पुसले, उजेडासमोर धरून त्याच्या छिद्राकडे पाहिले आणि म्हणाले, "थोडे झिजले आहे. पुढच्या वेळी हिशेबात धरू."

असो. पुढील पितृपक्षापूर्वी आपापल्या घरची वही एकवार उघडून पाहावी, आणि ज्या नोंदीपुढे गावाचे नाव नसेल तिच्यापुढे ते लिहावे, एवढीच विनंती करून हा लेख संपवितो.